अपार्टमेंटच्या दाराचा कोड बदलायचाय, मास्टर कोड कुणालाच ठाऊक नाही

नाइलाजाने_सेक्रेटरी · सोमवार, रात्री ९:२०

मंडळी, नमस्कार.

राजारामपुरीत आमचं सोळा फ्लॅटचं अपार्टमेंट आहे. कागदोपत्री ते १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली येतं, पण बोलताना आम्ही सगळे सोसायटीच म्हणतो. गेल्या महिन्यात मीटिंगला मी दहा मिनिटं उशिरा पोचलो, तोवर मला सेक्रेटरी करून मोकळे झाले होते. चहा हातात यायच्या आधी पहिलं काम अंगावर पडलं: खालच्या दाराचा कोड बदला.

दाराला आकड्यांचं कीपॅड आहे आणि वर चुंबकाचं लॉक. सहा वर्षांपूर्वी ज्यानं बसवलं त्याचा नंबर आता दुसऱ्याच कुणा बाईंकडे आहे आणि त्या माझ्यावर पुरत्या वैतागल्यात. मॅन्युअल नाही. आधीचे सेक्रेटरी मुलाकडे बंगळूरला गेलेत. त्यांना फोन केला तर म्हणाले, "मास्टर कोड ना, डायरीत लिहिला होता." डायरी कुठाय ते त्यांनाही आठवेना.

सध्याचा कोड पहिल्या दिवसापासून १६७४. पेपरवाला, दूधवाला, गॅसवाला, सोडून गेलेले चार भाडेकरू, समोरचा चहावाला, सगळ्यांना पाठ. परवा माझ्यासमोर एका पोरानं बटणं दाबली, वर गेला, तीन दारांना लग्नपत्रिका अडकवल्या आणि खाली आला. मी अडवून विचारलं, कोड कुणी दिला रे? तर म्हणतो, "कुणी कशाला देतंय काका? कोल्हापुरात दुसरा कुठला असतोय?"

तर विचारायचं असं की मास्टर कोडशिवाय हे बदलता येतं का? आणि बदलला तर दुसऱ्या मजल्यावरच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजींना नवा कोड पाठ कसा करवायचा?

तालमीतला · रात्री ९:२६

१६३० करा. शिवजन्म. कुणाला संशय पण यायचा न्हाय.

पांढरा_रस्सा · रात्री ९:२८

तालमीतला, आमच्यात १६३० च हाय लगा. आता आम्हाला बदलायला लागतंय तुझ्यामुळं.

कळंबा_रिटर्न · रात्री ९:३१

(कळंबा तलाव. जेल नव्हे. दर वेळी सांगावं लागतं.)

०२३१ करा. कोल्हापूरचा एसटीडी कोड. आता लँडलाइन कुणाकडे राहिलीय? नव्या पोरांना तो आकडा माहीतच नाही.

उद्यमनगरी · रात्री १०:०५

माझा धंदा याच्या जवळपासचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक घोळ मिटवू. या कीपॅडमध्ये दोन जातीचे कोड असतात. एक दार उघडायचा, त्याला युजर कोड म्हणू. दुसरा मास्टर, त्यानं दार उघडत नाही, कीपॅडचं पोट उघडतं. १६७४ हा तुमचा युजर कोड. तो बदलायला मास्टर लागणार.

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त कीपॅडची रीत सारखीच असते: स्टार, मग मास्टर, मग हॅश. दिव्याचा रंग बदलला किंवा लुकलुकायला लागला की आत शिरलात. मग शून्य दाबून नवा मास्टर दोनदा. एक दाबून युजरचा क्रमांक आणि त्याचा पिन. दोन दाबून क्रमांक दिला की तो युजर गेला. शेवटी स्टार दाबून बाहेर. कंपनीनुसार थोडं इकडेतिकडे, म्हणून मॉडेल नंबर बघा. खालच्या बाजूला एक स्क्रू असतो, तो काढला की पुढचा डबा निघतो, मागे स्टिकर सापडेल. स्टिकर उडाला असेल तर आतल्या हिरव्या पट्टीवर काहीतरी छापलेलं असतं.

आता लोक जिथं फसतात ते सांगतो. नवा कोड घातला म्हणजे जुना गेला, असं नाही. या यंत्रात शेकडो कोड मावतात. तुम्ही सतरावा घातलात तर आधीचे सोळा जिवंतच. मी अशी दारं बघितलीत जिथं तीन कमिट्यांनी तीन वेळा कोड "बदलला" आणि चारही चालू. आणि याला पडदा नसतो, आत कुणाकुणाचे कोड आहेत ते बघायची सोय नाही. तुमच्या केसमध्ये सगळं पुसून पहिल्यापासून भरणं हाच सरळ मार्ग.

मास्टर सापडलाच नाही तर रिसेट आहे. बहुतेकांत करंट बंद करायचा, आतल्या बाजूचं बाहेर पडायचं बटण दाबून धरायचं, करंट चालू करायचा, दोन बीप आले की सोडायचं. मास्टर कारखान्यातल्यासारखा होतो. युजर मात्र कित्येक मॉडेलांत तसेच राहतात, म्हणजे पुसायचं काम आहेच.

पण रिसेटच्या आधी एक करून बघा. कारखान्याचा मास्टर टाकून बघा. एक ते सहा ओळीनं, नाहीतर सहा वेळा आठ, नाहीतर सहा वेळा नऊ.

नागाळा_पार्क · रात्री १०:१८

एवढा खटाटोप करण्यापेक्षा माणूस ठेवा. आमच्याकडे वॉचमन आहे. ओळखीचा दिसला तर सोडतो, नाही तर वर फोन करतो. बटणाला माणूस ओळखता येत नाही.

पांढरा_रस्सा · रात्री १०:२१

तुमचा वॉचमन मी बघितलाय. त्याला आम्ही ओळखतो, तो आम्हाला ओळखत न्हाय, कारण डोळं मिटलेलं असत्यात.

नाइलाजाने_सेक्रेटरी · रात्री ११:०२

उद्यमनगरी, तुमच्या पाया पडतो.

आत्ता पायजम्यावर खाली जाऊन आलो. स्टार, एक ते सहा, हॅश. दिवा लाल होता तो लुकलुकायला लागला. म्हणजे सहा वर्षं आमच्या दाराची किल्ली दारालाच लटकत होती, फक्त कुणी बघितलं नव्हतं!

काही न दाबता स्टार मारून वर आलो. हात थरथरत होते, खरं सांगतो.

उद्यमनगरी · रात्री ११:०६

घाबरायचं काय? बसवणारा बसवतो, पैसे घेतो, जातो. मास्टर बदलायचं काम त्याचं की मालकाचं, हे कुणी ठरवलेलंच नसतं. आधी मास्टर बदला. आत्ता जा. बाकी सगळं रविवारी करा.

निवृत्त_मास्तर · मंगळवार, सकाळी ६:४०

सर्वांना सुप्रभात. एक निरीक्षण. सेक्रेटरीसाहेब, कीपॅडवरची १, ४, ६ आणि ७ ही बटणं बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत झाली आहेत का ते उजेडात बघा.

चार आकडी कोडच्या एकूण शक्यता दहा हजार. पण कोणती चार बटणं झिजली ते दिसलं, तर उरतात फक्त चोवीस. एका प्रयत्नाला पाच सेकंद धरली तरी दोन मिनिटांत दार उघडं.

गमतीचा भाग पुढे आहे. समजा कोडमध्ये एक आकडा दोनदा आहे, म्हणजे झिजलेली बटणं तीनच. मग शक्यता किती?

तालमीतला · सकाळी ७:१५

तीन बटणं म्हणजे कमीच की सर. सहा?

निवृत्त_मास्तर · सकाळी ७:२२

छत्तीस. तीनपैकी कोणता आकडा दोनदा आला ते बघणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून तीन पर्याय, आणि प्रत्येकाच्या बारा मांडण्या. म्हणजे एक बटण कमी झिजूनही काम दीडपट अवघड. पण दोनच बटणांचा कोड केलात, २५२५ सारखा, तर शक्यता थेट चौदावर येतात. अति तिथे माती.

तालमीतला · सकाळी ७:२५

सर, तुम्ही दहावीला असता तर मी आज इंजिनियर असतो.

निवृत्त_मास्तर · सकाळी ७:३१

कोणती शाळा? कदाचित होतोही.

तालमीतला · सकाळी ७:३२

🙏 विषय संपला.

उद्यमनगरी · सकाळी ९:५०

मास्तरांचा मुद्दा सोळा आणे खरा. पावसाळ्यात आणखी एक होतं, ओल्या, मळक्या बोटांनी दाबलं की त्याच चार बटणांवर काळे डाग. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर काही वेळ बंद पडायची सोय बऱ्याच कीपॅडमध्ये असते, पण ती सहसा बंद करून येते. चालू करून घ्या.

आणि प्रत्येक फ्लॅटला वेगळा कोड दिलात तर झीज सगळ्या बटणांवर वाटली जाते.

सुगरण_राजोपाध्येनगर · सकाळी ११:३०

सगळे बटणांबद्दल बोलताय, मी माणसांबद्दल बोलते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या पार्किंगमधून दोन सायकली गेल्या. पोलिसांत तक्रार वगैरे काही नाही, कमिटीनं रात्रीत कोड बदलला आणि ग्रुपवर टाकलं, "कामवाल्यांना सांगू नये." आमच्या मावशी सकाळी पावणेसातला येतात. त्या दिवशी पाऊस धो धो. त्यांनी नेहमीचा कोड दाबला, लाल. परत दाबला, लाल. फोनमधला बॅलन्स संपलेला. वरून दोन जण उतरले, दार उघडून गाडी काढून गेले, पण "नवा कोड विचारून घ्या" एवढंच बोलले. पाऊण तास त्या छत्री घेऊन उभ्या होत्या. वर आल्या तेव्हा एकच म्हणाल्या, "ताई, सायकल माझ्या पोराकडं बघायला या पाहिजे तर."

मला तो दिवस विसरता येत नाही. सायकली पुढे सापडल्या, आमच्याच बिल्डिंगमधल्या एका मुलानं मित्राला दिल्या होत्या. मावशींना कुणी सॉरी म्हटलं नाही. मी म्हटलं, पण मी एकटीनं म्हणून काय होतं?

म्हणून सांगते, काहीतरी हरवलं की कोड बदलायचा, ही पद्धतच वाईट. मग तो कुणावर तरी ठेवलेला आरोप होतो. तारीख ठरवून टाका. पाडवा आणि दसरा म्हणा, वर्षातून दोनदा बदलणारच, काही घडो न घडो. आणि आठ दिवस आधी सगळ्यांना सांगा. सगळ्यांना म्हणजे कामाला येणाऱ्यांनाही.

नागाळा_पार्क · सकाळी ११:४१

हे मात्र पटलं.

कळंबा_रिटर्न · सकाळी ११:५५

+१. वाचनखूण साठवली.

आईची_लेक · दुपारी १:१०

आजींच्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही म्हणून लिहिते.

माझ्या आईला मोतीबिंदू आहे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. आकडे दिसत नाहीत. पण कीपॅडच्या ५ वर एक बारीक उंचवटा असतो, जुन्या फोनवर असायचा तसाच. तो बोटाला लागला की बाकीचं गणित जमतं. आम्ही तिचा कोड ५ पासून सुरू होणारा घेतला. मग वर, मग उजवीकडे, मग खाली. आठ दिवस रोज संध्याकाळी देवळातून येताना मी शेजारी उभी राहायचे, तिला दाबू द्यायचे. आता तिला कोड विचारला तर सांगता येत नाही! हात पुढे करून हवेत दाबून दाखवते. पेटी वाजवणाऱ्याला सुरांची नावं विचारल्यासारखं.

तुमच्या आजींना आकडा पाठ करायला लावू नका. बोटाची चाल शिकवा.

पांढरा_रस्सा · दुपारी १:१४

खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!

आईची_लेक · दुपारी १:२०

अगदी. आईला सांगितलं तर हसत सुटली.

शाहूपुरी_कुंभारगल्ली · दुपारी ३:४५

एक प्रश्न कुणी विचारला नाही. लाइट गेल्यावर काय?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे काय झालं ते ऐका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांवर गेली की धोका. त्या वर्षी ती पंचावन्नच्या वर गेली. आमच्या गल्लीत पाणी शिरायच्या आधीच लाइट बंद केली. बॅटरीवर दार एक दिवस टिकलं, मग खट्ट आवाज झाला आणि चुंबक सुटला. दार आपलं वाऱ्यावर.

तेव्हा महिन्याभरावर गणपती होते. गल्लीतल्या कुंभारांच्या मूर्ती निम्म्या-अर्ध्या रंगवलेल्या. पाणी चढायला लागलं तसं बापय, बाया, पोरं, सगळ्यांनी मूर्ती उचलून मिळेल त्या बिल्डिंगच्या जिन्यात नेल्या. आमच्या पहिल्या मजल्यावर, दुसऱ्या मजल्यावर, पॅसेजमध्ये, गच्चीच्या दारापर्यंत गणपतीच गणपती. माणसाला जायला वाट नाही. जे खाली राहिले ते चिखलात गेले, ते बघवत नव्हतं.

आता सांगा, ते दार त्या रात्री कोड मागत बसलं असतं तर? कीपॅड पुढं पाण्यात गेलंच. पाणी ओसरल्यावर कितीतरी दिवस दार नुसतं लोटलेलं होतं. कुणाची काडी हलली नाही.

उद्यमनगरी · दुपारी ४:३०

वाचून गप्प झालो. तेव्हा मी शिरोळ बाजूला होतो, तिकडचं वेगळंच सांगायला लागेल.

तांत्रिक उत्तर देतो. चुंबकाचं लॉक करंट असेपर्यंतच धरतं. बारा व्होल्टवर चालतं, साधं ६०० पौंडाचं म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास ओढ धरतं, आणि करंट गेला की शून्य. हा दोष नाही, मुद्दाम तसं असतं. आग लागली, लाइट गेली, तर आतली माणसं कोंडली जाऊ नयेत म्हणून. उलट प्रकारचंही मिळतं, करंट गेला की बंदच राहणारं. ते लावायचं असेल तर आतून हातानं उघडणारी मूठ हवीच आणि बाहेरून किल्ली.

बॅटरी बहुतेक ठिकाणी बारा व्होल्ट सात अँपिअर-अवरची असते. दोन-तीन वर्षांत बदला. पुष्कळ ठिकाणी बसवल्या दिवसापासून तीच असते, फुगून टरबूज झालेली.

मूळचा_गंगावेशीचा · संध्याकाळी ६:१०

सध्या परदेशी असतो. आमच्या हापिसात अजून बटणांचं यांत्रिक कुलूप आहे, वायर नाही, बॅटरी नाही. मागच्या वर्षी कोड बदलायचं काम माझ्या गळ्यात आलं. कुलूप दारातून काढायचं, मागची पट्टी उघडायची, आत बारीक बारीक पितळी तुकडे, काहींची टोकं लाल, काहींची निळी. लाल म्हणजे कोडमधला, निळा म्हणजे नसलेला. चिमट्यानं जागा बदलायच्या. प्रत्येकाखाली केसाएवढी स्प्रिंग. एक उडाली. चार माणसं गालिच्यावर रांगत होती, त्यात आमचा बॉस.

सगळं झाल्यावर कळलं, त्या कुलपात क्रमाला काही किंमतच नाही. १२३४ काय आणि ४३२१ काय, दार उघडतंच.

निवृत्त_मास्तर · संध्याकाळी ६:२५

मग दहा बटणांतून चार निवडायची, शक्यता फक्त २१०. आणि बटणं झिजलेली दिसली तर एकच.

मूळचा_गंगावेशीचा · संध्याकाळी ६:२७

सर, आता झोप लागायची नाही मला.

पांढरा_रस्सा · संध्याकाळी ६:४०

गंगावेशीचे हाय म्हणता तर मूळ प्रश्नावर माझा उपाय ऐका. सगळ्या अपार्टमेंटनं रोज संध्याकाळी दूधकट्ट्यावर जायचं, म्हशीचं धारोष्ण दूध जाग्यावर प्यायचं आणि घरी यायचं. दूधवाल्याला कोड द्यायचा प्रश्नच मिटला.

मूळचा_गंगावेशीचा · संध्याकाळी ६:४४

रडवू नका हो. इथं सकाळचे सव्वानऊ वाजलेत आणि समोर ओट्सचा वाडगा आहे.

कळंबा_रिटर्न · रात्री ८:३०

गमतीत एक राहून जाईल म्हणून. गेल्या हिवाळ्यात आमच्या खालच्या काकांना रात्री दोनला छातीत दुखायला लागलं. काकूंनी १०८ ला फोन केला, गाडी आली, डॉक्टर दारात, काकू वर काकांचा हात धरून. खाली जाऊन दार उघडायचं कुणी? शेवटी डॉक्टरांनीच शेजारच्या फ्लॅटची बेल वाजवली आणि ते धावत गेले. काका ठीक आहेत, रोज रंकाळ्याला फेऱ्या मारतात. तेव्हापासून आमच्याकडे एक कोड फक्त अशा वेळी फोनवर सांगायला ठेवलाय. वापरला की दुसऱ्या दिवशी पुसायचा. प्रत्येकाच्या फ्रिजवर चिकटवलाय.

नाइलाजाने_सेक्रेटरी · रविवार, रात्री १०:१५

अहवाल सादर करतो.

मास्टर त्याच रात्री बदलला होता. तो दोन बंद पाकिटांत आहे, एक अध्यक्षांकडे, एक खजिनदारांकडे. डायरीत नाही.

आज सकाळी नऊला खाली स्टूल टाकून बसलो. उद्यमनगरींनी सांगितल्याप्रमाणे सगळं पुसलं. १६७४ दाबून बघितला, लाल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग तिसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका खाली आले, खिशातला निळा बिल्ला कीपॅडला लावला आणि दार हलेना. मला कुणी सांगितलंच नव्हतं की या कीपॅडवर बिल्लेही चालतात, मी स्वतः कधी वापरला नाही. "सगळं पुसा" म्हणजे सगळंच पुसतं, बिल्ल्यांसकट!

मग काय, ग्रुपवर मेसेज, "ज्यांच्याकडे बिल्ले आहेत त्यांनी घेऊन खाली यावे." सोळा फ्लॅटमधून एकतीस बिल्ले निघाले. एकेक कीपॅडवर टेकवायचा, क्रमांक द्यायचा, वहीत लिहायचा. फ्लॅट पाचचे बिल्ले ५१, ५२, ५३ असे, म्हणजे पुढं हरवला तर तेवढाच पुसता येईल. सुरुवातीला चिडलेले लोक अकरापर्यंत खुर्च्या आणून बसले. कुणी पोहे आणले, कुणी कटवडे. समोरासमोर राहून चार-चार वर्षं न बोललेली दोन घरं एकाच प्लेटमध्ये खात होती, त्यावर मी काही बोलत नाही, नजर लागेल. जे तीन जुने बिल्ले कुणाकडे आहेत तेच कळत नव्हतं, ते आपोआप मेले, हा फायदाच.

प्रत्येक फ्लॅटला ज्याचा त्याचा कोड. सुगरणताईंचं ऐकून घरी कामाला येणाऱ्या चौघींना स्वतःचे वेगळे कोड दिलेत. बदलायचे दिवस पाडवा आणि दसरा, नोटीस लावली. फ्रिजवरचा कोडही घेतला, कळंबा_रिटर्न यांचे आभार. पेपर, दूध, पार्सल यांच्यासाठी एक सामाईक कोड, त्यावर मात्र पाऊण तास भांडण झालं. शेवटी मतदान.

आजींचा कोड ५ पासून. पहिल्यांदा चुकल्या, दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा जमल्यावर म्हणाल्या, "आता हे परत बदलायला मी मरेपर्यंत थांबा." पाडवा-दसऱ्यातून आजींना सूट, हा ठराव एकमतानं.

सुगरण_राजोपाध्येनगर · रात्री १०:२२

चौघींना स्वतःचे कोड! आमच्या मावशींना वाचून दाखवणार उद्या.

आईची_लेक · रात्री १०:३०

आजींना आईकडून नमस्कार. ती म्हणते, चुकलं की घाबरून भराभर दाबू नका, हात काढून पहिल्यापासून दाबा.

नवखा_फुलेवाडी · सोमवार, सकाळी ८:०५

धाग्यावर उशिरा आलो. आमचं कीपॅड बीप करतं, हिरवा लागतो, पण दार ओढलं की चुंबक नीट धरत नाही, जरा धक्का दिला की उघडतं. कोड बदलून काही होईल का?

उद्यमनगरी · सकाळी ९:१५

कोडचा संबंध नाही. दारावरची लोखंडी पट्टी बघा. ती घट्ट आवळायची नसते, मागे रबरी वायसर ठेवून थोडी डुलती ठेवायची, तरच चुंबकावर सपाट बसते. कुणीतरी "सैल झालीय" म्हणून आवळली असणार. शिवाय दोन्ही पृष्ठभाग कोरड्या फडक्यानं पुसा, या दिवसांत गंज धरतो.

नवखा_फुलेवाडी · सकाळी ९:४०

मीच आवळली होती. 🙏

नाइलाजाने_सेक्रेटरी · गुरुवार, संध्याकाळी ७:३०

एक शेवटचं. तो लग्नपत्रिकेवाला पोरगा आज परत आला. मी गॅलरीत चहा पीत होतो, मुद्दाम आवाज दिला नाही. त्यानं १६७४ दाबला. लाल. थोडा विचार केला, १६३० दाबला. लाल. मग १८७४, शाहू महाराजांचं जन्मसाल, पोरगं अभ्यासू आहे. लाल. डोकं खाजवलं. मला वाटलं आता बेल वाजवणार. तेवढ्यात परत काहीतरी दाबलं आणि हिरवा!

तालमीतला · संध्याकाळी ७:३३

०२३१?

नाइलाजाने_सेक्रेटरी · संध्याकाळी ७:३४

तुला कसं कळलं?

कळंबा_रिटर्न · संध्याकाळी ७:३६

मी काही बोलत नाही.

नाइलाजाने_सेक्रेटरी · संध्याकाळी ७:४१

नऊ विरुद्ध सात मतांनी पास झाला होता हो. मी सातांत होतो. खाली चाललोय स्टूल घेऊन.